अग्रत्वचेचे शस्त्रक्रियेविना पुनर्स्थापन : इतिहास, शास्त्रीय आधार आणि वृत्तमाध्यमांची भूमिका

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गात मराठ्यांचा इतिहास शिकवीत असताना नेताजी पालकर यांच्या शुद्धीकरणाचे प्रकरण चालू होते. एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले की, प्रायश्चित्त घेतल्यावर नेताजींना नाव परत मिळाले, जात परत मिळाली. पण धर्मांतराच्या वेळी शरीरावर जी खूण झाली असेल तिचे काय? वर्गात हशा पिकला. विद्यार्थी ओशाळून खाली बसला आणि प्रस्तुत लेखकही पुढील मुद्द्याकडे वळला. प्रश्न मात्र हास्यास्पद नव्हता. सुंता झालेल्या पुरुषाला अग्रत्वचा पुन्हा प्राप्त होऊ शकते काय, हा प्रश्न मानवी समाजाला सुमारे दोन हजार दोनशे वर्षांपासून पडलेला आहे. ग्रीक-रोमन वैद्यकापासून आजच्या अमेरिकेपर्यंत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत.

या विषयाची माहिती मराठीत जवळजवळ उपलब्ध नाही. जी थोडीफार चर्चा कानावर येते ती एक तर धार्मिक वादाच्या किंवा टवाळीच्या अंगाने येते. शिक्षकाजवळ शब्द नसले की तो विषय टाळतो आणि शिक्षकाने टाळलेला विषय विद्यार्थी भिंतीवरच्या जाहिरातींतून शिकतो. म्हणून या विषयाचा इतिहास, त्यामागील शरीरशास्त्र आणि वृत्तमाध्यमांनी त्याला दिलेली वागणूक यांचा परिचय करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सुंता करावी किंवा करू नये याविषयी कोणत्याही धर्मास उपदेश करण्याचा हेतू येथे नाही.

संज्ञांचे स्पष्टीकरण

शिश्नाच्या टोकावरील मुंडास झाकणाऱ्या दुहेरी घडीच्या त्वचेस येथे 'अग्रत्वचा' असे म्हटले आहे. ही त्वचा काढून टाकण्याच्या क्रियेस मराठीत 'सुंता' म्हणतात. हा शब्द 'सुन्नत' या अरबी शब्दावरून आला आहे. मुस्लिम समाजात 'खतना' हा शब्दही रूढ आहे. 'पुनर्स्थापन' म्हणजे सुंतेनंतर उरलेल्या त्वचेची लांबी वाढवून मुंड पुन्हा झाकले जाईल अशी स्थिती निर्माण करणे. हे दोन मार्गांनी साधण्याचा प्रयत्न होतो. शस्त्रक्रियेने त्वचा सोडवून पुढे आणणे किंवा दुसरीकडील त्वचा जोडणे हा पहिला मार्ग होय. शिल्लक त्वचेवर दीर्घकाळ सौम्य ताण देऊन ती वाढविणे हा दुसरा मार्ग होय. या लेखात प्रामुख्याने दुसऱ्या मार्गाचा विचार केला आहे.

प्राचीन जगातील उगम

पुनर्स्थापनाचा सर्वात जुना परिचित उल्लेख ज्यूंच्या इतिहासात आढळतो. इसवी सनपूर्व १७५ च्या सुमारास यरुशलेमवर ग्रीक संस्कृतीच्या सेल्युसिड राजांची सत्ता होती. शहरात ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभी राहिली. ग्रीक तरुण विवस्त्र होऊन व्यायाम करीत. त्यांच्या दृष्टीने नग्नता असभ्य नव्हती. मात्र मुंड उघडे दिसणे असभ्य होते. सुंता झालेला ज्यू तरुण तेथे चटकन ओळखू येई आणि चेष्टेचा विषय होई. काही ज्यूंनी त्यामुळे सुंतेची खूण नाहीशी करून घेतली, असा उल्लेख 'मक्काबी' या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आहे. तेथे ही घटना धर्मत्यागाचे लक्षण म्हणून निषेधाने नोंदविली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने आपल्या वैद्यक ग्रंथाच्या सातव्या खंडात यासंबंधीच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. ज्याची अग्रत्वचा जन्मतःच आखूड आहे त्याच्यासाठी एक आणि ज्याची सुंता झाली आहे त्याच्यासाठी दुसरी, अशा दोन पद्धती त्याने दिल्या आहेत. शस्त्रक्रियेविनाचा मार्गही त्या काळी ज्ञात होता. दुसऱ्या शतकातील सोरेनस या वैद्याने आखूड अग्रत्वचा असलेल्या बालकाबाबत दाईला सूचना केली आहे की, तिने त्वचा हलकेच पुढे ओढावी आणि दोऱ्याने बांधून ठेवावी. ओढ दिल्याने त्वचा हळूहळू वाढते, हे निरीक्षण त्यामागे आहे.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातही हा प्रश्न जिवंत होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने सुंता झालेल्याने ती खूण पुसण्याचा प्रयत्न करू नये, असे सांगितले आहे. अशी मनाई करावी लागली, यावरूनच तसे प्रयत्न होत होते हे स्पष्ट होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये नव्या कराराचा मराठी अनुवाद छापला. म्हणजे या विषयाचा उल्लेख मराठी मुद्रणात दोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. फक्त त्याचा अर्थ आपण कधी समजावून सांगितला नाही.

पुढे ज्यू धर्मपंडितांनी सुंतेच्या विधीत मुंडाला चिकटलेला आतील थरही पूर्ण मोकळा करण्याचे बंधन घातले. त्वचा ओढून खूण लपविणे अशक्य व्हावे हा त्यामागील एक हेतू होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. या सर्व इतिहासात एक गोष्ट समान दिसते. पुनर्स्थापनाची गरज शारीरिक पीडेतून निर्माण झालेली नव्हती. ती दुसऱ्याच्या नजरेतून निर्माण झाली होती. विसाव्या शतकात याच नजरेने अतिशय भीषण रूप घेतले. जर्मनव्याप्त वॉर्सामध्ये ज्यू पुरुष सुंतेवरून ओळखला गेला की त्याचा मृत्यू ओढवे. फेलिक्स कानाबुस या पोलिश शल्यविशारदाने आपला जीव धोक्यात घालून अनेक ज्यूंवर ही खूण लपविणाऱ्या शस्त्रक्रिया केल्या.

महाराष्ट्रातील अनुभव : खूण आणि समाज

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. महाराष्ट्रात सुंतेची परंपरा केवळ मुस्लिम समाजापुरती मर्यादित नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाने आठव्या दिवशी मुलाची सुंता करण्याची चाल जपली. शनिवारी काम बंद ठेवण्यामुळे त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले होते. हिब्रू ग्रंथ व धर्मगुरू यांच्यापासून दीर्घकाळ तुटलेल्या या समाजाची ओळख ज्या थोड्या आचारांनी टिकविली त्यांपैकी सुंता हा एक होय. म्हणजे जी खूण यरुशलेमच्या व्यायामशाळेत लाजेचे कारण झाली, तीच कोकणात अस्तित्वाचा पुरावा ठरली. खुणेला स्वतःचा अर्थ नसतो. समाज तिला अर्थ देतो.

नेताजी पालकर यांचे प्रकरण तर आमच्या बीड जिल्ह्याशी थेट निगडित आहे. एकेकाळी शिवाजी महाराजांचे सरनोबत असलेले नेताजी १६६६ मध्ये मोगलांच्या बाजूस होते. महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर औरंगजेबाचा संशय वाढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिर्झाराजे जयसिंगाने नेताजींना धारूर येथे कैद केले. त्यांना उत्तरेस नेण्यात आले. १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर होऊन 'मुहम्मद कुलीखान' हे नाव पडले आणि पुढे त्यांची रवानगी काबूलच्या मोहिमेवर झाली. सुमारे नऊ वर्षांनी ते परत आले आणि १९ जून १६७६ रोजी त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेण्यात आले.

त्या काळी धर्मांतरित पुरुषाची सुंता हा विधीचा प्रचलित भाग होता, हे लक्षात घेतले म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे महत्त्व कळते. ग्रीक जगात परत स्वीकारले जाण्यासाठी शरीर बदलावे लागत होते. येथे शरीर बदलण्याची अट घातली गेली नाही. धर्मशास्त्रातही यास आधार होता. म्लेंच्छांच्या ताब्यात गेलेल्यांना प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचे विधान देवलस्मृतीत आहे आणि त्यासाठी वीस वर्षांपर्यंतची मुदत मान्य केली आहे. प्रायश्चित्ताचा रोख आचार, अन्न व सहवास यांवर आहे, अग्रत्वचेवर नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात हरसूलच्या गंगाधर रंगनाथ कुलकर्णी यांनाही याच रीतीने परत घेण्यात आले. जे काम युरोपात शल्यविशारदाकडे किंवा दोऱ्याकडे गेले, ते महाराष्ट्रात समाजाने आपल्या निर्णयाने केले. हे पुनर्स्थापन शरीराचे नव्हते. पंक्तीतील स्थानाचे होते.

या प्रकरणाचा उपयोग एखाद्या समाजाविरुद्ध करणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास होय. युद्धकैद्याच्या शरीरावर जबरदस्तीने खूण करणे हा त्या काळच्या राजकारणातील अवमानाचा एक प्रकार होता. हैदर व टिपू यांच्या कैदेत असलेल्या जेम्स ब्रिस्टो आणि जेम्स स्करी या इंग्रजांचीही अशीच सक्तीने सुंता झाली होती. त्यांची आत्मकथने अनुक्रमे १७९३ व १८२४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. श्रद्धेने, कुटुंबाच्या आनंदात होणारा खतना आणि कैद्यावर लादलेली खूण या दोन गोष्टी एक नव्हेत. या लेखाच्या दृष्टीने त्यांच्यातील निर्णायक भेद संमतीचा आहे.

शरीरशास्त्रीय आधार

ताण दिल्याने त्वचा खरोखरच वाढते काय, की केवळ सैल पडते? याचे उत्तर रोजच्या अनुभवात आहे. गरोदरपणी पोटाची त्वचा वाढते. जड कर्णभूषणे वर्षानुवर्षे वापरलेल्या वृद्ध स्त्रियांच्या कानाच्या पाळ्या लांबलेल्या आपण पाहतो. दीर्घकाळ सौम्य ताण राहिला की त्वचेतील पेशींना त्या ताणाची जाणीव होते, त्यांचे विभाजन वाढते आणि नवी त्वचा तयार होते. अचानक व तीव्र ताण दिल्यास मात्र त्वचा फाटते. 'सावकाश' हाच या प्रक्रियेचा प्राण होय.

हे तत्त्व भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत कान टोचल्यानंतर छिद्र व पाळी वाढविण्यासाठी दर तीन दिवसांनी अधिक जाड वात घालण्यास सांगितले आहे. त्याच ग्रंथात अग्रत्वचेच्या तीन विकारांचे वर्णन येते. त्वचा मागे जाऊन अडकते ती 'परिवर्तिका', ती चिरते ती 'अवपाटिका' आणि तिचे तोंड आकसून मूत्रमार्ग रोधला जातो तो 'निरुद्धप्रकश'. परिवर्तिकेत तूप लावून, शेक देऊन त्वचा हळूहळू पुढे आणण्याचा उपचार आहे. निरुद्धप्रकशात धातूची, लाकडाची किंवा लाखेची तूप लावलेली नळी आत घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरण्यास सांगितले आहे. हे सुंतेनंतरचे पुनर्स्थापन नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु शस्त्राविना, क्रमाक्रमाने त्वचा वाढविण्याचे तत्त्व तेच आहे.

आधुनिक शल्यशास्त्रात १९५७ मध्ये चार्ल्स न्यूमन यांनी त्वचेखाली रबरी फुगा ठेवून तो हळूहळू फुगविला आणि वाढलेली त्वचा कानाच्या पुनर्रचनेसाठी वापरली. १९७० च्या दशकात चेडोमीर रॅडोव्हान यांनी ही पद्धत पुढे नेली. आज भाजलेल्या रुग्णांसाठी व स्तनाच्या पुनर्रचनेसाठी ऊतिविस्तार ही मान्य पद्धत आहे. अग्रत्वचेचे पुनर्स्थापन करू पाहणारे लोक याच तत्त्वाचा आधार घेतात. हाताने ओढ देणे, चिकटपट्टी लावून त्वचा पुढे ताणून ठेवणे, वजन अडकविणे किंवा खास उपकरण वापरणे अशा त्यांच्या पद्धती आहेत. या कामी महिने नव्हे, वर्षे लागतात.

याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वाढते ती उरलेली त्वचा. काढून टाकलेल्या आतील घडीतील विशिष्ट चेतातंतूंची रचना किंवा कापला गेलेला शिश्नबंध परत येत नाही. मुंड झाकले गेल्यावर त्याचा कोरडेपणा कमी झाला, संवेदना सुधारली असे अनेकजण स्वानुभवाने सांगतात. परंतु त्यास दुजोरा देणारे नियंत्रित वैद्यकीय अभ्यास फारसे झालेले नाहीत. अतिताणाने जखम, व्रण व रक्तप्रवाहास अडथळा होण्याचा धोका असतो. म्हणून 'अगदी पूर्वीसारखे होते' हे विधान जितके चुकीचे, तितकेच 'काहीच होत नाही' हे विधानही चुकीचे आहे.

आधुनिक चळवळ

पुनर्स्थापनाची आधुनिक चळवळ अमेरिकेत का उभी राहिली, हे समजण्यासाठी तेथील पार्श्वभूमी पाहावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत धार्मिक कारणाशिवाय मुलांची सुंता करण्याची प्रथा वैद्यांनी रूढ केली. लुईस सेअर या नामांकित डॉक्टराने १८७० पासून पक्षाघातासारख्या विकारांवर तो उपाय म्हणून सांगितला. जॉन हार्वे केलॉग यांनी हस्तमैथुन थांबविण्यासाठी मुलाची सुंता भूल न देता करावी, असे लिहिले. विसाव्या शतकात रुग्णालयात जन्मलेल्या बहुसंख्य अमेरिकन मुलग्यांची सुंता होऊ लागली. ब्रिटनमध्ये डग्लस गेर्डनर यांच्या १९४९ मधील लेखानंतर ही प्रथा झपाट्याने ओसरली. अमेरिकेत मात्र ती टिकून राहिली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७१ मध्ये नवजात बालकाच्या नित्य सुंतेस वैद्यकीय कारण नाही, असे म्हटले. २०१२ मध्ये त्याच संघटनेने लाभ धोक्यांपेक्षा अधिक असल्याचे सांगितले. तरीही सर्वांसाठी शिफारस करण्याचे टाळले.

या पार्श्वभूमीवर प्रौढ झालेल्या काही पुरुषांनी आपल्या संमतीविना झालेल्या या क्रियेबद्दल प्रश्न उपस्थित केला. १९८२ च्या सुमारास चिकटपट्टीच्या पद्धतीचा प्रसार करणारा एक गट स्थापन झाला. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात वेन ग्रिफिथ्स व टिम हॅमंड यांनी एक साहाय्यगट सुरू केला. तोच पुढे 'नॉर्म' या नावाने ओळखला गेला. १९९२ मध्ये जिम बिगेलो यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि शस्त्रक्रियेविनाच्या पद्धतींची माहिती सामान्य वाचकाला एकत्र मिळाली. १९९८ मध्ये प्लॅस्टिक सर्जरीच्या एका मान्यवर नियतकालिकात शुल्थाईस व सहकाऱ्यांनी पुनर्स्थापनाच्या इतिहासाचा आढावा घेतला. दोन हजार वर्षांपूर्वीचा तरुण इतरांनी हसू नये म्हणून अग्रत्वचा मागत होता. हे पुरुष आपल्या देहावर आपला अधिकार आहे म्हणून ती मागत होते. नजरेच्या प्रश्नाची जागा संमतीच्या प्रश्नाने घेतली, हे या चळवळीचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय.

वृत्तमाध्यमांची भूमिका

शरीराच्या पुनर्रचनेविषयी वृत्तपत्रे कशी लिहू शकतात, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच पुण्याचे आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी या इसमाचे नाक व एक हात १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांनी कापला. पुण्याजवळ एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याचे नाक पुन्हा तयार केले. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी हा प्रकार पाहिला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हा वृत्तान्त चित्रांसह छापला. काय कापले गेले, कोणत्या क्रमाने काय केले, परिणाम काय झाला हे त्यात साध्या भाषेत दिले होते. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी पुढे १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. एका नेमक्या वृत्तान्ताने युरोपातील शल्यशास्त्राला दिशा दिली.

नाकाला मिळालेला हा सन्मान अग्रत्वचेच्या वाट्याला आला नाही. पुनर्स्थापनाविषयीच्या माध्यमांतील लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार विनोदाचा. वजने, पट्ट्या व उपकरणे यांचे वर्णन करून वाचकाला हसविणे हा त्याचा हेतू असतो. अमेरिकेत २००५ मध्ये पेन आणि टेलर या विनोदकारांच्या दूरचित्रवाणी मालिकेने सुंतेवर एक संपूर्ण भाग केला आणि पुनर्स्थापनाचा विषयही त्यात आला. विषय लाखो घरांत पोहोचला हा त्याचा लाभ. पण तो पोहोचला तो उपरोधाच्या चौकटीत. वर्गातील हशा आणि हा हशा यांचे मूळ एकच आहे.

दुसरा प्रकार वादाचा. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अल्पवयीन मुलांच्या सुंतेवर बंदीचा प्रस्ताव मतदानासाठी आला. न्यायालयाने तो मतपत्रिकेवरून काढला. मे २०१२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयाने धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरविली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने कायदा करून तिला परवानगी दिली. या काळात बातम्या धर्म विरुद्ध राज्य या एकाच सूत्रात मांडल्या गेल्या. ज्यांच्या देहाचा हा प्रश्न होता ते प्रौढ पुरुष त्यात क्वचितच दिसले. भारतात मार्च २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मुलांच्या सुंतेविरुद्धची याचिका फेटाळली. ती केवळ वृत्तपत्रीय बातम्यांवर आधारलेली असल्याचा मुद्दा त्या वेळी पुढे आला. माध्यमांतील माहिती किती तोकडी आहे, याचा हा अप्रत्यक्ष दाखलाच होय.

तिसरा प्रकार चमत्काराचा. आफ्रिकेतील तीन मोठ्या चाचण्यांनंतर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे एचआयव्हीचा प्रसार मोठा आहे अशा प्रदेशांसाठी पुरुषांच्या स्वेच्छेने होणाऱ्या सुंतेची शिफारस केली. स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी घटतो, हा त्याचा आधार होता. शिफारशीतील 'स्वेच्छेने', 'अशा प्रदेशांसाठी' आणि 'इतर उपायांच्या जोडीने' हे शब्द मथळ्यांत अनेकदा गळून पडले. उलट बाजूस पुनर्स्थापनाची उपकरणे विकणारेही संपूर्ण पूर्वस्थितीचे आश्वासन देतात. दोन्हीकडे मर्यादा सांगणारे वाक्यच नेमके वगळले जाते.

मराठीतील मौन आणि त्याची किंमत

मराठीत असे विषय मांडण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते नावानिशी अवयवाचा उल्लेख करून, न लाजता व न चिडविता उत्तरे देत. या लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच आक्षेपाचा विषय होता. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी युक्तिवाद केला. खटला ते हरले व कर्व्यांना दंड झाला. तथापि ज्ञान मागणाऱ्याला ते मिळाले पाहिजे ही भूमिका त्या निमित्ताने मराठी समाजासमोर आली.

कर्व्यांनंतर ती परंपरा क्षीण झाली आणि मोकळी झालेली जागा जाहिरातींनी घेतली. कड्यापासून आष्टीपर्यंत किंवा राज्यातील कोणत्याही रस्त्याने गेले तरी भिंतींवर 'गुप्तरोग' व 'पुरुषी कमजोरी' यांवरील हमखास उपायांच्या जाहिराती दिसतात. अशा जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. परंतु केवळ कायद्याने कुतूहल शमत नाही. अग्रत्वचा मागे जात नाही म्हणून त्रास सोसणारा तरुण लाजेने सरकारी दवाखान्यात जात नाही. अनेक रुग्णांत औषधी मलम व सौम्य ताण यांनी शस्त्रक्रियेविना आराम पडू शकतो. काहींना सुंता आवश्यक असते. आणि सुंता केल्याने धर्म बदलतो की काय, अशी भीती बाळगणारेही आढळतात. नेताजींच्या काळी ज्या समाजाने शरीरावरील खुणेपलीकडे पाहिले, त्याच समाजातील तरुण आज खुणेच्या धाकाने उपचार टाळतो, ही खेदाची बाब होय. दंगलीच्या काळात याच खुणेवरून माणसे ओळखून मारली गेल्याचे फाळणीच्या इतिहासात नमूद आहे. मौनाची किंमत केवळ अज्ञान नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पुनर्स्थापनाची इच्छा ही आधुनिक विकृती किंवा नवे वेड नसून तिला सुमारे दोन हजार दोनशे वर्षांचा लिखित इतिहास आहे.

२. शस्त्रक्रियेविनाच्या पद्धतीस ऊतिविस्ताराचा शास्त्रीय आधार आहे. परंतु ती मूळ अवयव परत देत नाही. तिच्या परिणामांविषयी पुरेसे नियंत्रित अभ्यास होणे बाकी आहे.

३. प्राचीन काळी हा प्रश्न समाजाच्या नजरेचा होता, आधुनिक काळात तो संमतीचा झाला. महाराष्ट्राने सतराव्या शतकात देहाला हात न लावता समाजमान्यतेने त्यावर स्वतःचे उत्तर शोधले.

४. माध्यमांनी या विषयास विनोद, वाद व चमत्कार या चौकटींत बसविले. १७९४ मधील नाकाच्या वृत्तान्ताइतकी नेमकी व आदरपूर्ण भाषा या अवयवासही लाभली पाहिजे.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक साधे कर्तव्य उरते. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, प्राणिशास्त्र व शारीरिक शिक्षण या सर्व विषयांच्या तासांत हा प्रश्न कधी ना कधी डोकावतो. तेव्हा 'अग्रत्वचा', 'सुंता' आणि 'संमती' हे शब्द शांतपणे उच्चारता आले पाहिजेत. वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध अशा सर्व समाजांचे विद्यार्थी बसलेले असतात आणि शिक्षकाच्या स्वरावरून ते विषयाची प्रतिष्ठा ठरवितात. ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने या लेखाचा आरंभ झाला तो केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडला. त्याला त्या दिवशी द्यावयाचे उत्तर असे होते की, खूण राहिली असेल तर ती तशीच राहिली. बदलले ते तिच्याकडे पाहणारे लोक. हे उत्तर द्यावयास उशीर झाला. पुढील वर्षी तोच धडा शिकविताना तो होऊ नये.